नव्या डांबरी थरातून जुन्या भेगा पुन्हा वर येऊ नयेत यासाठी काय करावे?

पालिका अभियंता

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता आहे. गावातून जाणाऱ्या 2.4 किमी लांबीच्या मुख्य रस्त्यापैकी पहिल्या 1.1 किमीचे नूतनीकरण आम्ही गेल्या वर्षी मार्च महिन्यात केले. जुना पृष्ठभाग कॉम्प्रेसरच्या हवेने स्वच्छ केला, टॅक कोट, म्हणजे थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा, मारला आणि त्यावर पेव्हरने, म्हणजे माल पसरणाऱ्या यंत्राने, 30 मिमी जाडीचा बीसीचा (बिट्युमिनस काँक्रीटचा) वरचा थर टाकला. डांबराचे प्रमाण, मिश्रणाचे तापमान आणि दाबाई यांच्या चाचण्या मी स्वतः उभे राहून घेतल्या होत्या व त्यांत कोठेही उणे निघाले नव्हते. असे असूनही दिवाळीनंतर थंडी पडू लागली आणि जानेवारी संपेपर्यंत जुन्या भेगा जशाच्या तशा नव्या थरावर उमटल्या.

'जशाच्या तशा' हे शब्द मी शब्दशः वापरत आहे. काम सुरू होण्यापूर्वी मी संपूर्ण लांबीची छायाचित्रे काढून ठेवली होती. पाण्याच्या टाकीसमोरच्या एका भेगेला दोन फाटे फुटलेले होते आणि त्यांपैकी डावा फाटा चेंबरच्या झाकणापाशी येऊन थांबत होता. आज नव्या थरावर त्याच जागी तेच दोन फाटे आहेत आणि डावा फाटा त्याच झाकणापाशी थांबतो. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली असता रस्त्याच्या रंगाखेरीज त्यांत फरक दिसत नाही.

आता उरलेल्या 1.3 किमीचे अंदाजपत्रक माझ्याकडे आले आहे. या लांबीत तीन प्रकारच्या भेगा आहेत. बाजारपेठेच्या सुमारे 400 मीटर भागात रस्त्याला आडव्या, बऱ्याच सरळ आणि साधारण साडेचार मीटर अंतराने येणाऱ्या भेगा आहेत. या भागात डांबराखाली पूर्वीचा सिमेंटचा रस्ता असल्याचे जुने दुकानदार सांगतात. त्यापुढील सुमारे 700 मीटरमध्ये कडेपासून मीटर-सव्वा मीटर आत, रस्त्याच्या लांबीला समांतर अशी एक लांबलचक भेग आहे. हा भाग काही वर्षांपूर्वी रुंद करण्यात आला होता आणि खाली काळी माती आहे. शेवटच्या 200 मीटरमध्ये, म्हणजे बसस्थानकासमोर, जाळीदार भेगा आहेत आणि पावसाळ्यात त्यांतून राखाडी रंगाचा चिखल वर येतो.

एका पुरवठादाराने संपूर्ण लांबीवर पेव्हिंग फॅब्रिक, म्हणजे डांबरी थरांमध्ये घालायचे कापड, अंथरण्याचा प्रस्ताव दिला आहे. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की फॅब्रिकचा खर्च टाळून बीसीची जाडी 40 मिमी करावी. नागरिकांच्या पैशातून केलेला रस्ता एका हिवाळ्यात पुन्हा फुटावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुसऱ्या टप्प्यात तीच चूक होऊ नये म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त उपअभियंता

आपण कामापूर्वी छायाचित्रे काढून ठेवलीत, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. माझ्या सेवाकाळात हे करणारे फार थोडे अभियंते पाहिले. बहुतेक ठिकाणी भेग नवी की जुनी याचा वाद पुराव्याअभावी तसाच राहून जातो.

आपल्या रस्त्यावर जे घडले त्याला रिफ्लेक्शन क्रॅकिंग, म्हणजे खालच्या भेगेचे वरच्या थरात उमटणे, असे म्हणतात. मिश्रण उत्तम असूनही ते का घडते, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण उपाय त्यावरच ठरतो. आपण भेगेला फट समजतो आणि फट बुजवली की काम झाले असे मानतो. वास्तविक भेग ही हालचालीची जागा असते. तिच्या दोन्ही बाजूंचे तुकडे एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलत असतात आणि वर अंथरलेला नवा थर त्या दोघांनाही चिकटलेला असतो. त्यामुळे खालच्या दोन तुकड्यांमधील सगळी ओढाताण त्या थराच्या काही मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर येऊन पडते.

ही हालचाल दोन प्रकारची असते. पहिली तापमानामुळे होणारी. बाजारपेठेतील आपल्या सिमेंट रस्त्याचेच उदाहरण घ्या. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे एक लाखांश इतके प्रसरण किंवा आकुंचन पावते. साडेचार मीटरच्या स्लॅबचे सरासरी तापमान उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात 20 अंशांनी उतरले, तर तो जवळजवळ 0.9 मिमीने आखडू पाहतो आणि तेवढा सांधा उघडतो. मे महिन्यात डांबर मऊ असते, ते थोडे ताणून घेते. जानेवारीच्या पहाटे ते कडक झालेले असते आणि नेमका त्याच वेळी सांधा सर्वांत जास्त उघडलेला असतो. आपल्या भेगा थंडीत उमटल्या, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

दुसरी हालचाल वाहनांमुळे होते. भरलेल्या ट्रकचे चाक भेगेजवळ येते तेव्हा अलीकडची कड दबते आणि पलीकडची जागच्या जागी राहते, त्यामुळे वरच्या थराला कात्रीसारखा काप बसतो. चाक बरोबर भेगेवर आले की थर वाकतो. चाक पुढे गेले की पलीकडची कड दबते आणि उलट दिशेने पुन्हा काप बसतो. एक आस ओलांडून जाताना थराला असे तीन आघात सोसावे लागतात. स्लॅबखाली पोकळी असेल किंवा पाणी साचत असेल, तर हे आघात कैक पटींनी वाढतात.

आता जाडीविषयी. भेग वर्षाला साधारण 25 मिमी वर चढते, असा एक ठोकताळा जगभरातील रस्ते अभियंते सांगतात. तो संकल्पनासाठी वापरू नये, पण आपला 30 मिमीचा थर पहिल्याच हिवाळ्यात का हरला हे त्यावरून कळते. तोच थर 40 मिमीचा केल्याने फार तर काही महिने मिळतील. जाडी वाढवणे हा उपाय खरा आहे, परंतु तो 75 ते 100 मिमीच्या पुढे परिणाम दाखवू लागतो आणि तोपर्यंत दुकानांचे उंबरे व गटारांची पातळी यांचा प्रश्न उभा राहतो. बाजारपेठेत रस्ता उंच झाला की पावसाचे पाणी दुकानात शिरते आणि ते दुकानदार वर्षानुवर्षे आपल्या दारात उभे राहतात.

माझी आग्रहाची सूचना अशी की फॅब्रिक, जाडी वा अन्य कोणताही निर्णय घेण्याआधी भेगांवरच कोअर, म्हणजे रस्त्यातून कापून काढलेले गोल नमुने, काढावेत. आपण नेहमी चांगल्या पृष्ठभागावर, घनता तपासण्यासाठी कोअर काढतो. या कामासाठी मात्र कोअरची कटर बरोबर भेगेवर बसवायची. भेग तळापर्यंत जाते की वरच्या थरातच संपते, थर एकमेकांना चिकटलेले आहेत की सुटे झाले आहेत, खाली काँक्रीट आहे की खडीकरण, हे सारे त्या दहा-पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या नळकांडीत डोळ्यांनी दिसते. काँक्रीटच्या भागात सांध्याच्या दोन्ही बाजूंना बेंकेलमन बीम, म्हणजे चाकाखाली रस्ता किती दबतो हे मोजणारे साधन, लावून भरलेला ट्रक सावकाश न्यावा आणि दोन्ही कडांच्या खचण्यातील फरक मोजावा. अमेरिकेतील अ‍ॅस्फाल्ट इन्स्टिट्यूटच्या निकषाप्रमाणे हा फरक 0.05 मिमीच्या आत असावा. तो जास्त असेल तर स्लॅब सांध्यावर डुलत आहे आणि त्यावर काहीही अंथरले तरी ते फाटणारच.

बसस्थानकासमोरील जाळीदार भेगांबाबत मात्र कोअरची वाट पाहण्याचेही कारण नाही. मगरीच्या पाठीसारखी जाळी आणि तिच्यातून वर येणारा चिखल ही पाया थकल्याची खूण आहे. तेथे नवा थर टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. तो भाग उकरून पायापासून करावा लागेल.

हॉटमिक्स

मी अभियंता नाही, परंतु बारा वर्षे पेव्हरच्या मागे उभा राहून कामे करून घेतली आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच कामांत फॅब्रिक अंथरले आहे. पुरवठादार जे सांगत नाहीत ते येथे लिहितो.

पेव्हिंग फॅब्रिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या तंतूंचे, न विणलेले, जाडसर ब्लँकेटसारखे कापड असते. ते एकट्याने काही करत नाही. त्याने डांबर भरपूर पिऊन घेतले पाहिजे, तेव्हा ते खालच्या व वरच्या थरांमध्ये एक लवचीक आणि पाणी न झिरपू देणारा पडदा बनते. त्यासाठी दर चौरस मीटरला साधारण एक किलो गरम डांबर फवारावे लागते. आपण नेहमी जुन्या डांबरी पृष्ठभागावर टॅक कोट मारतो तो 200 ते 300 ग्रॅम असतो, म्हणजे येथे तीन ते पाच पट डांबर लागते. नेमके याच ठिकाणी काटकसर होते.

एका कामावर मी स्वतः हे पाहिले आहे. गरम डांबराचा बाउझर वेळेवर आला नाही म्हणून नेहमीचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) नेहमीच्याच प्रमाणात मारून त्यावर कापड पसरण्यात आले. इमल्शन अजून तपकिरीच होते, काळे पडले नव्हते, म्हणजे त्यातले पाणी सुटायचे बाकी होते. पहिला टिपर मागे येताना चाकाला कापड चिकटले आणि चार मीटर लांबीची पट्टी चाकाबरोबर गुंडाळत वर आली. मुलांनी ती हाताने ओढून पुन्हा पसरवली आणि तिच्यावरच माल टाकला गेला. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी ब्रेक लागण्याच्या ठिकाणी अर्धचंद्राच्या आकाराच्या भेगा पडल्या, कारण वरचा थर कापडावरून सरकत होता. न चिकटलेले कापड हे कापड नसण्यापेक्षाही वाईट असते, हे त्या दिवसापासून माझ्या मनावर कोरले गेले.

म्हणून अंथरायचेच असेल, तर काही गोष्टींवर देखरेख ठेवावी. मिलिंग केलेल्या, म्हणजे यंत्राने वरचा थर खरवडून काढलेल्या, खरबरीत पृष्ठभागावर कापड थेट टाकू नये. आधी पातळ लेव्हलिंग थर द्यावा, नाहीतर खाचांमध्ये डांबर साचते आणि उंचवट्यांवर कापड कोरडे राहते. सुरकुती पडली आणि ती बोटभर उंच झाली, तर ती कापून पेव्हरच्या दिशेने एकावर एक दुमडावी व तेथे थोडे जादा डांबर लावावे. अंथरलेल्या कापडावर टिपरने वळण घेऊ नये किंवा जोरात ब्रेक लावू नये. पॉलिप्रॉपिलीन 160 ते 165 अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे प्लांटवरून माल फार तापवून पाठवला तर कापड जागच्या जागी आक्रसते. डांबर नीट शोषले गेले की नाही हे पाहण्यासाठी कोपऱ्यातला हातभर तुकडा उचलून पाहावा. खालची बाजू सर्वत्र काळी आणि ओली दिसली पाहिजे. पांढरे ठिपके दिसले तर काम थांबवावे.

माझा अनुभव असा आहे की कापडाचा खरा लाभ भेग थांबवण्यापेक्षा पाणी थांबवण्यात आहे. भेग कधीतरी वर येतेच, परंतु खाली पडदा शाबूत असेल तर पावसाचे पाणी पायापर्यंत जात नाही आणि रस्ता आणखी काही वर्षे तग धरतो. खाली स्लॅब डुलत असेल तर मात्र कापडाचा उपयोग नाही. काचतंतूंची ग्रिड आडव्या ताणाला अधिक तोंड देते, पण वर-खाली हालचालीपुढे तीही टिकत नाही. आणि एक अडचण पुढची आहे: काही वर्षांनी तो थर मिलिंग करायची वेळ आली की कापड मशीनच्या ड्रममध्ये गुंतते, याचाही विचार करून ठेवावा.

मृदा यांत्रिकी

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात मृदा यांत्रिकी शिकवते. मूळ प्रश्नातील लांबीला समांतर भेगेकडे अधिक लक्ष वेधावेसे वाटते, कारण आपल्या भागात ती सर्वांत जास्त आढळते आणि तिच्यावरच सर्वांत जास्त निष्फळ खर्च होतो.

या भेगेची दोन वेगळी कारणे असू शकतात आणि वरून पाहता दोन्ही भेगा सारख्याच दिसतात. पहिले कारण रुंदीकरणाच्या सांध्याचे. जुना रस्ता वर्षानुवर्षे वाहतुकीखाली दबून पक्का झालेला असतो, नवी पट्टी मात्र नंतर खचते आणि दोहोंच्या सीमेवर भेग पडते. दुसरे कारण काळ्या मातीचे. एप्रिल-मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. रस्त्याच्या मध्यभागाखालची माती डांबराच्या आच्छादनामुळे ओलसर राहते, पण साइडपट्टीखालची माती उघडी असल्याने सुकते, आखडते आणि रस्त्याची कड आपल्याबरोबर बाहेर ओढून नेते. कडेला बाभूळ किंवा कडुलिंबासारखी मोठी झाडे असतील तर त्यांची मुळे आणखी पाणी शोषतात आणि त्या जागी भेग झाडाकडे कमानीसारखी वळलेली दिसते.

दोन्हींतला फरक ओळखण्याची एक साधी रीत मी विद्यार्थ्यांकडून करवून घेते. भेगेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून साधारण 20 सेंटिमीटर अंतरावर, काँक्रीटचे खिळे ठोकायचे आणि त्यांच्या माथ्यावर बारीक खूण करायची. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी दोन खुणांमधील अंतर कॅलिपरने मोजायचे आणि पट्टी आडवी ठेवून दोन्ही बाजूंच्या पातळीतील फरकही नोंदवायचा. उन्हाळ्यात अंतर वाढून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा कमी होत असेल, तर ती मातीची भेग आहे. अंतर फारसे बदलत नसेल आणि बाहेरची बाजू मात्र खाली जात राहिली, तर ती रुंदीकरणाची भेग आहे. आपल्या रस्त्यावर दोन्ही कारणे एकत्र असण्याचीही शक्यता आहे.

मातीची भेग असेल तर डांबराच्या कोणत्याही थराने ती थांबणार नाही. मातीतील ओलाव्याचा चढउतार कमी करणे हाच उपाय आहे. कडेची उघडी काळी माती काढून तेथे चांगल्या मुरमाची साइडपट्टी करावी, शक्य असल्यास ती डांबरी करावी, म्हणजे सुकण्याची सीमा रस्त्यापासून दीड-दोन मीटर बाहेर सरकते. गटार रस्त्याच्या कडेला चिकटून असेल आणि त्यातून पाणी झिरपत असेल, तर ते पक्के बांधून घ्यावे. मुक्त फुगवण निर्देशांक, म्हणजे माती पाण्यात किती फुगते याचे प्रमाण, 50 टक्क्यांच्या वर असलेली माती भरावासाठी वापरू नये, असे रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांतही आहे. रुंदीकरणात नेमकी हीच माती शेजारच्या खड्ड्यातून उचलून टाकलेली मी अनेकदा पाहिली आहे. चाचणी सोपी आहे. मोजपात्रात 10 ग्रॅम माती पाण्यात व तेवढीच रॉकेलमध्ये ठेवून दोन्हींचे आकारमान पाहायचे असते. ती कामाआधी जरूर करून घ्यावी.

पालिका अभियंता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांप्रमाणे मुख्याधिकाऱ्यांची परवानगी घेऊन सहा कोअर काढले आणि बाजारपेठेतील काही सांध्यांवर बेंकेलमन बीम लावला. त्यातून जे दिसले ते सविस्तर लिहितो.

बाजारपेठेत 65 मिमी डांबराखाली 150 मिमी काँक्रीट निघाले. भेग बरोबर सांध्यावर आहे आणि तळापासून वरपर्यंत सलग आहे. बहुतेक सांध्यांवर दोन्ही कडांतील फरक नगण्य आहे. परंतु जेथे नळ योजनेची जलवाहिनी रस्ता ओलांडते तेथील चार सांध्यांवर तो निकषाच्या कितीतरी पुढे गेला. त्यांपैकी एका ठिकाणी कोअर काढल्यावर छिद्राच्या तळाशी पाणी चमकताना दिसले आणि सळई टाकली असता ती काँक्रीटखाली सहज 40 मिमी खाली गेली.

रुंदीकरणाच्या भागात एकच कोअर भेगेवर घेतला आणि त्यातच सर्व काही दिसले: नमुन्याच्या एका बाजूला डांबराखाली जुने दाट खडीकरण आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ सरळ मुरूम. मधला सांधा सुरीने कापल्यासारखा उभा आहे, नवे काम जुन्यात अडकावे म्हणून करायच्या पायऱ्या केलेल्याच नाहीत. बसस्थानकासमोरील दोन्ही कोअर हातात येतानाच तीन चकत्यांमध्ये सुटले.

संपूर्ण लांबीला पुरेल एवढा निधी नाही. प्राधान्य कशाला द्यावे आणि पहिल्या टप्प्यातील उमटलेल्या भेगांचे आता काय करावे, याविषयी मार्गदर्शन केल्यास उपकार होतील. सिमेंटच्या भागासाठी सामी नावाचा थर वापरावा असे एकाने सुचवले आहे. तो येथे लागू पडेल का?

निवृत्त उपअभियंता

आपण आठ दिवसांत जेवढी माहिती गोळा केलीत, तेवढी अनेक मोठ्या कामांच्या प्रकल्प अहवालातही नसते. आता निर्णय सोपा झाला आहे. मी आपल्या जागी असतो तर पैशांचा क्रम असा लावला असता.

सर्वप्रथम बसस्थानकासमोरील 200 मीटर. जड वाहने तेथे थांबतात, ब्रेक लावतात, वळतात, आणि पाया पाण्याने मऊ झाला आहे. हा भाग उकरून निचऱ्याचा थर, वेट मिक्स (पाणी मिसळून दाबलेली खडी) आणि त्यावर डांबरी थर असा नव्याने करावा, आणि पाणी कोठून येते ते शोधून आधी बंद करावे. निधी मिळण्यासारखा असेल तर बस थांबण्याची जागा काँक्रीटची करणे मला अधिक योग्य वाटते.

नंतर बाजारपेठ. जलवाहिनीजवळच्या चार सांध्यांपाशी गळती दुरुस्त करून, पोकळी सिमेंट ग्राउटने (पातळ सिमेंट मिश्रणाने) भरावी आणि स्लॅब तुटला असेल तर तेवढा बदलावा. ग्राउटनंतर बीम पुन्हा लावून फरक निकषात आल्याची खात्री करावी. त्यानंतर जुने 65 मिमी डांबर मिलिंगने पूर्ण काढून, काँक्रीटवर दर चौरस मीटरला 300 ते 350 ग्रॅम टॅक कोट मारून 50 मिमी डीबीएम (बीसीखालचा दाट डांबरी थर) आणि 40 मिमी बीसी टाकावे. रस्ता फक्त 25 मिमीने उंच होईल, उंबऱ्यांचा प्रश्न येणार नाही.

एवढे करूनही तापमानामुळे सांधे उघडणारच आणि भेगा येणारच, हे आधीच मान्य करावे. म्हणून त्या कोठे याव्यात हे आपण ठरवायचे. मिलिंगनंतर काँक्रीटचे सांधे उघडे दिसतील तेव्हा प्रत्येक सांध्याच्या दोन्ही टोकांना, रस्त्याबाहेर, कठड्यावर किंवा गटाराच्या भिंतीवर खिळे ठोकून खुणा करून ठेवाव्यात. नवा थर टाकल्यावर दोन-तीन दिवसांत त्या खुणांवर दोरी ताणून, बरोबर सांध्याच्या वर करवतीने एक तृतीयांश जाडीपर्यंत बारीक काप घ्यावा. कापाचा वरचा भाग साधारण 12 मिमी रुंद व 15 मिमी खोल करून त्यात रबरयुक्त गरम सीलंट भरावे. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, जेथे हिवाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक असतो, ही पद्धत दीर्घकाळ वापरली जात आहे. काप सांध्यापासून 25 मिमीपेक्षा जास्त सरकला तर मात्र त्याच्या शेजारीच दुसरी भेग फुटते, म्हणून खुणांचे काम आपण स्वतः करावे, मजुरांवर सोपवू नये. कापलेली सरळ, सीलबंद रेघ आणि आपोआप फुटलेली वाकडीतिकडी भेग यांत फरक एवढाच की पहिलीतून पाणी जात नाही आणि तिच्या कडा झडत नाहीत. रस्त्याचे आयुष्य त्याच फरकावर ठरते.

सामीविषयी. आयआरसी 37, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांच्या संकल्पनाची मार्गदर्शिका, हिच्या 2018 च्या आवृत्तीत सिमेंटने बांधलेल्या पायावरील डांबरी थरासाठी भेगरोधक थर सांगितला आहे. त्यात एक पर्याय 100 मिमी जाडीच्या खडीच्या थराचा आहे आणि दुसरा सामीचा, म्हणजे 10 चौरस मीटरला 10 ते 12 किलो लवचीक सुधारित डांबर फवारून त्यावर 11.2 मिमीची खडी पसरण्याचा. पायातील आकुंचनाच्या बारीक आणि दाट भेगांसाठी तो उत्तम आहे. आपल्या सांध्यांची हालचाल मोठी व साडेचार मीटरला एकवटलेली आहे, म्हणून येथे मी काप-सीलंटच निवडले असते. दोन्ही करण्याएवढे पैसे असतील तर हरकत नाही.

रुंदीकरणाचा भाग शेवटी. मॅडमनी सांगितलेली खिळ्यांची मोजमापे निदान एका उन्हाळ्याची आणि एका पावसाळ्याची हातात आल्याशिवाय तेथे मोठा खर्च करू नये. तोपर्यंत भेग सीलंटने भरून पाणी बंद ठेवावे. पुढे काम करताना बाहेरची पट्टी उकरून जुन्या रस्त्यात 300 मिमी रुंदीच्या पायऱ्या कापाव्यात, प्रत्येक डांबरी थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यापासून किमान 300 मिमी बाजूला घ्यावा, पायाखाली जिओग्रिड (मजबुतीची जाळी) दोन्ही बाजूंना किमान एक मीटर जाईल अशी अंथरावी आणि वरचा सांधा चाकांच्या मार्गात येणार नाही याची काळजी घ्यावी.

पहिल्या टप्प्यावर कोणी पुन्हा डांबर टाका म्हणाले तर नकार द्यावा. पावसाळ्यापूर्वी कोरड्या हवेत, भेगा दाबाच्या हवेने साफ करून त्यांत गरम सीलंट भरावे. ते पृष्ठभागापेक्षा किंचित खालीच ठेवावे. वर थर साचला तर पुढील नूतनीकरणात रोलरखाली त्या जागी उंचवटा फुटतो. आणि त्या टप्प्याच्या ठेकेदाराला या भेगांसाठी जबाबदार धरू नये. त्याने अंदाजपत्रकाप्रमाणे काम केले. उणीव अंदाजपत्रकात होती आणि ती दुरुस्त करणे आपल्या हाती आहे.

हॉटमिक्स

सरांच्या सूचनेत एक भर घालतो. काँक्रीटवरून डांबर मिलिंग केल्यावर पृष्ठभागावर बारीक भुकटी चिकटून राहते आणि नुसत्या झाडूने ती निघत नाही. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊन, पूर्ण वाळू देऊन मगच टॅक कोट मारावा. बाजारपेठेत वाहतूक बंद ठेवता येत नाही म्हणून हेच काम घाईत उरकले जाते. रात्रीची वेळ मागून घ्या, पण धुतल्याशिवाय टॅक कोट मारू देऊ नका. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचा माल असेल तर तो पसरताना 140 अंशांच्या खाली उतरू नये, आणि रात्रीच्या थंडीत पातळ थर फार लवकर निवतो, तेव्हा रोलर पेव्हरच्या मागे जवळच चालवावा.

पालिका अभियंता

आज सकाळी रुंदीकरणाच्या भागात नऊ ठिकाणी खिळ्यांच्या जोड्या ठोकल्या, त्यांतील दोन बाभळीसमोर आणि एक पाण्याच्या टाकीपुढील वळणावर आहे. पहिली मोजमापे सकाळी सात वाजता घेतली. बसस्थानक आणि बाजारपेठ यांचे सुधारित अंदाजपत्रक मी या आठवड्यात सादर करीत आहे. त्यात सांध्यांच्या खुणा, करवतीचे काप व सीलंट यांची स्वतंत्र बाब धरली आहे आणि फॅब्रिक वगळले आहे. माती तपासणीसाठी तीन नमुने पाठवले आहेत. खिळ्यांची मोजमापे मेअखेर आणि सप्टेंबरअखेर येथेच मांडीन.